तोफांचा सौदा : राजापूर ते धरणगाव

भडगावाहून कासोदा-एरंडोलच्या वाटेने पुढे गेले म्हणजे धरणगाव लागते. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे सोयरसंबंध त्या बाजूस असतील. परंतु इ. स. १६७४ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने त्या गावी वखार घातली होती आणि दुसऱ्याच वर्षी शिवछत्रपतींच्या फौजेने धरणगाव लुटले, ही हकीकत थोड्यांनाच ठाऊक असेल. नवल असे की, त्याच १६७४ च्या जून महिन्यात रायगडावर महाराज आणि इंग्रज यांच्यात मैत्रीचा तह झाला होता. मग तहानंतर वर्षभरातच ही लूट का झाली? या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागले असता खानदेशाच्या पेठेतून आपण थेट जंजिऱ्याच्या तटाखाली जाऊन पोहोचतो.

या प्रकरणाचा आरंभ पन्हाळ्यापासून होतो. १६६० मध्ये सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि कुलपी गोळे घेऊन जौहराच्या मदतीस गेला. व्यापारी म्हणविणाऱ्यांनी आपले निशाण लावून गडावर गोळे टाकले! महाराजांनी हा अपराध विसरावयाचा नव्हता. १६६१ मध्ये राजापूर लुटले गेले, वखार उद्ध्वस्त झाली आणि रेव्हिंग्टनसह काही इंग्रजांना सुमारे दोन वर्षे कैदेत काढावी लागली. तेव्हापासून राजापूरच्या नुकसानभरपाईचे भांडण सुरू झाले.

इंग्रजांना भरपाई हवी होती, तर महाराजांना तोफा हव्या होत्या. वाटाघाटीचे मर्म या दोन वाक्यांत आहे. समुद्राच्या मध्यभागी उभा असलेला जंजिरा घोडदळाने जिंकता येण्यासारखा नव्हता. त्याच्या तटास भगदाड पाडावयाचे तर अवजड तोफा, उखळी तोफा आणि त्या चालविणारे जाणते गोलंदाज पाहिजेत. १६७१ मध्ये मुंबईकर इंग्रजांकडे अशी मागणी झाली. त्या वेळी सुरतेचा प्रेसिडेंट जेराल्ड ऑन्जिअर हा होता. त्याची अडचण दुहेरी होती. सिद्दी हा मोगलांच्या आरमाराचा सरदार आणि सुरतेची वखार मोगलांच्या मुलखात. महाराजांस उघडपणे तोफा दिल्या तर सुरतेचा व्यापार धोक्यात येणार. उलट स्पष्ट नकार द्यावा तर मुंबईच्या अन्नधान्याची आणि सरपणाची वाट कोकणातून जात होती; ती बंद होणार. तेव्हा इंग्रजांनी मधला मार्ग शोधला. तोफा द्यावयाच्या नाहीत, पण तोफा मिळतील ही आशाही तुटू द्यावयाची नाही, आणि त्या आशेच्या बळावर राजापूरची भरपाई पदरात पाडून घ्यावयाची, असे त्यांचे धोरण होते.

हे धोरण महाराजांच्या ध्यानात आले नसेल असे मानण्याचे कारण नाही. १६७२ मध्ये स्टीफन उस्टिक आणि १६७३ मध्ये थॉमस निकल्स असे दोन वकील येऊन गेले. दोघांचाही आदरसत्कार झाला, पण दोघेही निर्णयाविना परतले. इंग्रज आशा विकत होते, तर महाराज त्यांना भरपाईची आशा दाखवीत होते. दरम्यान फ्रेंचांशी संधान बांधून युद्धसाहित्य मिळविण्याचा मार्गही महाराजांनी खुला ठेविला होता. एकाच दुकानदारावर विसंबणाऱ्या गिऱ्हाईकास भाव ठरविता येत नाही, हे व्यवहारज्ञान त्यांच्यापाशी पुरेपूर होते.

अखेर १६७४ च्या उन्हाळ्यात हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला आणि राज्याभिषेकाचा सोहळा त्याने प्रत्यक्ष पाहिला. निराजीपंतांच्या मध्यस्थीने बोलणी झाली. राजापूरबद्दल दहा हजार होनांची भरपाई, राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण येथे वखारी, अडीच टक्के जकात, अशी कलमे मान्य झाली. सिद्दीशी सलोखा करावा ही ऑक्झेंडनची विनंती महाराजांनी मानली नाही; आणि जंजिरा फोडणाऱ्या तोफांची हमी इंग्रजांनी दिली नाही. जे दोघांनाही अगत्याचे वाटत होते, ते तहाबाहेरच राहिले.

आता धरणगावाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. तह स्वराज्यातील वखारींचा होता. खानदेश मोगलांचा मुलूख होता आणि मोगलांशी युद्ध चालू होते. तथापि १६७५ मध्ये आणि पुन्हा १६७९ मध्ये जी लूट झाली, तिची झळ केवळ इंग्रजांना लागली नाही. आपल्याच भागातील विणकरांचे आणि व्यापाऱ्यांचे कापडही त्यात गेले असले पाहिजे. महाराजांविषयी पूर्ण आदर बाळगूनही ही गोष्ट आपण लपवू नये. दोन सत्तांच्या सौद्याची किंमत बहुधा तिसराच कोणी तरी भरीत असतो.

पुढील पिढ्यांनी यावरून काय घेतले? टोपीकरांचे सामर्थ्य आरमारात आणि दारूगोळ्यात आहे, हा इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आढळतो. महादजी शिंद्यांनी एक पाऊल पुढे टाकले. द बॉयन यास नोकरीत घेऊन त्यांनी कवायती पलटणे उभारली आणि आग्रा येथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतविल्या. या तोफा उत्तम होत्या. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर वेलस्लीने सुमारे शंभर तोफा हस्तगत केल्या, तेव्हा त्यानेही त्यांची वाखाणणी केली. परंतु त्या युद्धाच्या सुमारास इंग्रज सरकारचे बोलावणे येताच कित्येक युरोपीय अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले. महिन्याभरात आपल्या शेजारचे बऱ्हाणपूर आणि असीरगड इंग्रजांच्या हाती पडले. तोफ आपल्या घरी ओतली गेली, पण तिची विद्या घरात मुरली नव्हती!

स्वातंत्र्यानंतर याच खानदेशात, भुसावळ आणि वरणगाव येथे, संरक्षण साहित्याचे कारखाने निघाले. वरणगावी काडतुसे तयार होऊ लागली. ज्या भूमीत कधी काळी परकीयांची वखार लुटली गेली, त्याच भूमीतील मुले यंत्रावर उभी राहून दारूगोळा घडवू लागली. शस्त्र विकत मिळते, आशा तर फुकटही मिळते; विद्या मात्र स्वतः कष्ट करूनच मिळवावी लागते. आपल्या ज्ञातीतील मुलामुलींच्या शिक्षणाचा विचार करताना, धरणगावच्या वाटेवरील ही जुनी गोष्ट वडीलधाऱ्यांनी ध्यानी ठेवावी, एवढीच नम्र विनंती.