सॅम लुकास : 'अंकल टॉम' रंगवणारा नट चमचा होता का?

प्रत्येक चळवळीत शिवीसारखा वापरला जाणारा एखादा शब्द असतो. आपल्याकडे तो 'चमचा' आहे. मान्यवर कांशीराम यांनी 1982 साली 'चमचा युग' हे पुस्तक लिहून त्या शब्दाला राजकीय अर्थ दिला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीत जवळजवळ याच अर्थाचा शब्द आहे 'अंकल टॉम'. मालकापुढे मान तुकवणारा, आपल्याच माणसांच्या उपयोगी न पडणारा माणूस.

मग ज्या कृष्णवर्णीय नटाने हीच भूमिका आधी रंगभूमीवर आणि पुढे पडद्यावर केली, त्याला काय म्हणायचे? त्याचे नाव सॅम लुकास. त्याची कहाणी आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याच समाजातील जुन्या कलावंतांकडे कसे पाहायचे हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

आधी काळ पाहू. 1830 च्या सुमारास अमेरिकेत थॉमस राईस नावाचा गोरा नट तोंडाला काळे फासून 'जिम क्रो' नावाच्या गुलामाची नक्कल करू लागला. गोऱ्या प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. त्यातून 'मिन्स्ट्रेल' नावाचा तमाशेवजा प्रकार फोफावला. गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी चेहऱ्याला लावत आणि काळा माणूस आळशी, मूर्ख, नाचरा असतो असे दाखवत. पुढे कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांनाही 'जिम क्रो' हेच नाव पडले. विनोद म्हणून सुरू झालेली गोष्ट कायद्याचे नाव होऊन बसली. जातीवरून होणाऱ्या विनोदाला 'एवढे काय मनावर घेता' म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

सॅम लुकास ओहायो राज्यातला. आईवडील गुलाम नव्हते, स्वतंत्र होते. तो न्हावीकाम करायचा, गिटार वाजवायचा, गायचा. रंगमंचावर यायचे तर त्याच्यासाठी एकच दार उघडे होते, मिन्स्ट्रेलचे. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मिन्स्ट्रेल मंडळ्या निघाल्या, पण प्रेक्षकांना हवा होता तो गोऱ्यांनी घडवलेलाच काळा माणूस. म्हणून जन्मतः काळ्या असलेल्या नटांनाही चेहऱ्याला काजळी फासावी लागे. स्वतःचा चेहरा पुसून मालकाच्या कल्पनेतला चेहरा लावायचा, तेव्हा पोट भरायचे.

लुकास या खेळांत नामांकित झाला. पण त्याला गंभीर नट व्हायचे होते. हायर भगिनी या कृष्णवर्णीय गायिकांच्या मंडळीत त्याने गुलामगिरीतून मुक्ततेकडे जाणाऱ्या माणसांची नाटके केली. पॉलिन हॉपकिन्स या कृष्णवर्णीय लेखिकेच्या, गुलामांच्या पलायनावरच्या संगीत नाटकातही तो होता. म्हणजे संधी मिळाली तेव्हा तो आपल्या माणसांनी लिहिलेल्या नाटकाकडे वळला. हे महत्त्वाचे आहे.

हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी 1852 साली आली आणि तिची नाटके गावोगाव झाली. टॉमची भूमिका मात्र काजळी फासलेले गोरे नटच करत. 1878 साली फ्रोमन बंधूंची नाटक कंपनी अडचणीत होती. खेळ चालावा म्हणून त्यांनी टॉमच्या भूमिकेत खराखुरा कृष्णवर्णीय नट आणायचे ठरवले. निवड झाली लुकासची. त्याच्या कलेइतकीच त्याच्या अंगावरच्या हिऱ्यांची ख्याती होती आणि येताना ते हिरे घेऊन ये, असा निरोप कंपनीने धाडला. खेळ चालला नाही. कंपनीला परतीचा रस्ता धरता यावा म्हणून शेवटी लुकासचेच हिरे गेले. गंभीर नाट्यप्रयोगात टॉम झालेला पहिला कृष्णवर्णीय नट म्हणून इतिहासाने त्याची नोंद घेतली, पण त्या पहिलेपणाची किंमत त्यानेच मोजली.

पुढे सिनेमा आला. 1903 साली एडिसन कंपनीने या कादंबरीवर मूकपट काढला, त्यातही टॉम गोराच होता, काजळी फासलेला. 1914 साली वर्ल्ड फिल्म कंपनीने विल्यम रॉबर्ट डेली यांच्या दिग्दर्शनाखाली नवा चित्रपट केला आणि टॉम म्हणून सॅम लुकास पडद्यावर आला. रंगभूमीवर आयुष्य घालवून म्हातारा झालेला नट. पूर्ण लांबीच्या अमेरिकन चित्रपटात प्रमुख भूमिका करणारा पहिला कृष्णवर्णीय नट म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. पण मूकपटात गाण्याला जागा नव्हती. गाण्यावर नाव कमावलेल्या माणसाचा चेहरा तेवढा घेतला गेला. त्याने काय बोलायचे, हे पडद्यावरच्या पाट्यांवर दुसऱ्यांनी लिहिले.

जानेवारी 1916 मध्ये लुकास वारला. त्याच्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. चित्रीकरणात गोऱ्या मुलीला, इव्हाला वाचवण्यासाठी त्याने थंडगार नदीत उडी घेतली, त्याला न्यूमोनिया झाला आणि तो गेला. आता तारखा पाहा. चित्रपट 1914 चा आणि मृत्यू 1916 चा. मध्ये दीड वर्षाचे अंतर आहे. तरीही ही दंतकथा टिकली. का? कारण गोऱ्या मुलासाठी प्राण देणारा निष्ठावंत म्हातारा ही टॉमचीच गोष्ट आहे. नट मेल्यावरही त्याला भूमिकेतून सुटू दिले नाही. एकलव्याचा अंगठा गुरुभक्ती म्हणून सांगणाऱ्या समाजात राहणाऱ्या आपल्याला ही युक्ती ओळखीची वाटली पाहिजे.

आता मूळ प्रश्न. लुकास चमचा होता का? माझे उत्तर स्पष्ट आहे, नाही. चमचा तो, ज्याच्यापुढे दुसरा रस्ता असतो आणि तरी तो आपल्या माणसांविरुद्ध मालकाच्या कामी येतो. लुकासपुढे दोनच पर्याय होते. मालकाने लिहिलेली भूमिका करायची, किंवा तीही काजळी फासलेल्या गोऱ्या माणसाला करू द्यायची. दोष विचारायचा तर तो नटाला नको, संहिता कोणाच्या हातात होती ते विचारा.

1915 साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. कृष्णवर्णीय पात्रे पुन्हा काजळी फासलेल्या गोऱ्यांनी केली, ती पात्रे राक्षसी रंगवली आणि कू क्लक्स क्लॅनला नायक केले. एनएएसीपी या संघटनेने देशभर निषेध केला. म्हणजे लुकासने एक दार किलकिले केले, तरी घर दुसऱ्याचेच होते. ते ओळखून ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय लेखकाने स्वतःच चित्रपट काढायला सुरुवात केली. त्याचा 'विदिन अवर गेट्स' जानेवारी 1920 मध्ये शिकागोत लागला. त्यात त्याने जमावाकडून होणाऱ्या हत्या दाखवल्या, आपल्या बाजूने.

मित्रांनो, तो महिना लक्षात ठेवा. 31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. या दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण निष्कर्ष एकच होता : दुसऱ्याच्या कागदावर आपला आवाज उमटत नाही.

आपल्याकडे ही जाण त्याहून जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्याच जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुढे सत्यशोधक जलसे झाले, भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे झाले. तमाशाचा जुना साचा घेऊन त्यात आपला विचार भरण्याचे ते काम होते.

आणि सिनेमात? मूकपटाच्याच काळात केरळमध्ये पी. के. रोझी या दलित नटीने 'विगतकुमारन' मध्ये नायर स्त्रीची भूमिका केली, म्हणून सवर्ण जमाव तिच्यावर उठला आणि तिला गाव सोडावे लागले. 1936 साली 'अछूत कन्या' आला, तेव्हा अस्पृश्य मुलीची भूमिका देविका राणी यांनी केली. आपण त्यांचे पात्र झालो तर दगड, ते आपले पात्र झाले तर टाळ्या.

म्हणून तरुणांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली : आपल्या आजोबा-पणजोबांनी ढोलकी वाजवली, सोंगे काढली, पाटलाच्या दारात नाचले, याची लाज धरू नका. मिळालेल्या तोकड्या जागेत त्यांनी कला जिवंत ठेवली. त्यांची नावे, गाणी, आठवणी आजच लिहून ठेवा. दुसरी : पडद्यावर आपला एखादा चेहरा दिसला की लगेच पेढे वाटू नका. संहिता कोणी लिहिली, कॅमेरा कोणाचा, शेवट कोणी ठरवला, हे तीन प्रश्न विचारा. सॅम लुकासला ते विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.

जय भीम!