हृदयाच्या स्नायूचे आजार: नाव रूपावरून की कारणावरून?

आजचा विषय आहे हृदयाच्या स्नायूचे आजार, म्हणजेच कार्डिओमायोपथी. हृदयविकार म्हटला की आपल्याला तुंबलेली रक्तवाहिनी, अँजिओप्लास्टी, बायपास हेच आठवते. पण कधी कधी रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, झडपा ठीक असतात, आणि तरीही हृदयाचा स्नायूच बिघडलेला असतो. कुणाचा जाड होतो, कुणाचा पातळ होऊन हृदय फुगते, कुणाचा ताठर होतो. या आजारांची वर्गवारी कशी करायची, यावर डॉक्टर मंडळी साठ-सत्तर वर्षे वाद घालत आहेत. वाद शब्दांचा वाटतो. पण आजाराला काय म्हटले, यावरच रुग्णाच्या भावंडांची तपासणी होणार की नाही, हे ठरते.

सुरुवात कोलकात्यापासून करू. १८७७ साली या शहरात एक विचित्र साथ नोंदली गेली. पाय सुजायचे, धाप लागायची, आणि काही रुग्ण हृदय थकून दगावायचे. बेरीबेरीतही असेच होते, म्हणून अनेक वर्षे डॉक्टर या दोन आजारांत गल्लत करत राहिले. १९२६ मध्ये सरकार यांनी बोट दाखवले ते मोहरीच्या तेलाकडे. त्यात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होत होती. त्या बिया मोहरीसारख्याच दिसतात. १९३०च्या दशकात लाल आणि रॉय यांनी प्रयोगांनी हे पक्के केले.

हा आजार काटेकोर अर्थाने स्नायूचा नाही. त्या तेलातल्या विषाने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपते आणि हृदयावर ताण येतो. पण धडा आपल्या कामाचा आहे. रूप एकच, कारणे दोन, आणि उपायही दोन. बेरीबेरीला ब-१ जीवनसत्त्व द्यायचे, इथे तेल थांबवायचे. रूपावरून नाव ठेवले की उपाय चुकतो.

आता १९५७ सालात येऊ. त्या वर्षी लंडनमध्ये वॉलेस ब्रिग्डेन यांनी रक्तवाहिन्यांशी संबंध नसलेल्या स्नायूविकारांसाठी ‘कार्डिओमायोपथी’ हा शब्द वापरला. पुढच्याच वर्षी डोनाल्ड टिअर यांनी तरुण वयात अचानक दगावलेल्यांच्या हृदयांत एका बाजूने वाढलेला जाड स्नायू दाखवला. १९६१ मध्ये जॉन गुडविन यांनी या आजारांचे तीन गट पाडले. त्यावरूनच पुढे फुगलेले, जाड आणि ताठर हृदय ही विभागणी रूढ झाली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने ती स्वीकारली आणि व्याख्या केली: कारण माहीत नसलेले हृदयस्नायूचे आजार. जमाखर्चात ‘किरकोळ’ नावाचे खाते असते ना, तसेच हे. कारण सापडले की नोंद दुसऱ्या खात्यात जायची.

योगायोग पाहा. त्याच १९५७ साली जे. बी. एस. हाल्डेन लंडन सोडून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. डीएनएची रचना कळायच्या कितीतरी आधी, १९३५ मध्ये, त्यांनी हिमोफिलियाच्या आकडेवारीवरून माणसाच्या जनुकात बदल किती वेगाने घडतो, याचा हिशेब मांडला होता. हृदयाच्या आजारावर त्यांनी काम केले नाही. पण या खात्याचे कुलूप उघडले ते याच वाटेने, म्हणजे वंशावळी आणि गणिताने. जाड हृदयाचा आजार एकाच घरात अनेकांना होतो, हे १९६० पर्यंत दिसले होते. कॅनडातल्या क्यूबेकमधल्या अशाच एका मोठ्या घराण्याच्या अभ्यासातून अमेरिकेतल्या साइडमन दांपत्याच्या गटाने १९८९ मध्ये दोष चौदाव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९० मध्ये नेमके जनुक सापडले. ते मायोसिनचे, म्हणजे स्नायू आकुंचन पावतो त्या प्रथिनाचे होते.

मग १९९५ च्या नव्या वर्गवारीत ‘कारण माहीत नसलेले’ ही अट गेली. २००६ मध्ये अमेरिकी तज्ज्ञ म्हणाले, जनुकीय, मिश्र आणि नंतर जडलेले असे गट करा. २००८ मध्ये युरोपियन तज्ज्ञांचे म्हणणे पडले की रुग्ण दवाखान्यात जनुक घेऊन येत नाही, धाप घेऊन येतो. म्हणून आधी टू-डी इकोत दिसणारे रूप पाहा, मग आजार घराण्यात आहे का ते विचारा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एकच जनुक एकाचे हृदय जाड करते, तर दुसऱ्याचे फुगवते. आणि बऱ्याच रुग्णांत दोषी जनुक सापडतच नाही.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीचे के. थंगराज आणि देश-परदेशातले त्यांचे सहकारी यांनी एक शोध प्रसिद्ध केला. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाचे जनुक आहे, एमवायबीपीसी३. त्यातला २५ अक्षरांचा एक तुकडा भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत गायब असतो, आणि अशांना हृदय निकामी होण्याचा धोका जास्त, असे त्यात दिसले. मग हे सगळे रुग्ण म्हणायचे का? नाही. त्यांतले बहुसंख्य लोक धडधाकट असतात. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की धोका बहुधा त्या तुकड्यापेक्षा त्याच्या जोडीने येणाऱ्या दुसऱ्या दुर्मीळ बदलांमुळे असावा. म्हणजे नुसत्या जनुकावरून नाव ठेवले, तर निरोगी माणसालाही आजाराची चिठ्ठी चिकटेल.

म्हणून आज रूप आणि कारण दोन्ही लिहिण्याकडे कल आहे. आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. घरात कुणाला कार्डिओमायोपथी असल्याचे निदान झाले, किंवा कुणी तरुण वयात अचानक गेले, तर ‘हार्ट अ‍ॅटॅक आला असेल’ म्हणून विषय मिटवू नका. जाड हृदयाच्या जनुकीय प्रकारात दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता साधारण निम्मी असते. आईवडील, भावंडे, मुले यांचा इसीजी आणि टू-डी इको करावा का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. जनुकतपासणी करायचीच, तर ती आधी रुग्णाची करायची, मग नातेवाइकांची. आणि डॉक्टरांकडे जाताना एक कागद सोबत न्या: घरात कोण, कोणत्या वयात, कशाने गेले. असा कागद घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारूनच तयार होतो.