आधी औषध नव्हते, मग पैसा नव्हता : रक्ताच्या कर्करोगावरील नेमक्या उपचारांचा इतिहास

१/ १८ जून १९३१ रोजी लेडी मेहरबाई टाटा यांचे वेल्समध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, निधन झाले. पती सर दोराबजी टाटा यांच्याकडे संपत्तीची वाण नव्हती. जगातला कोणताही डॉक्टर त्यांना परवडला असता. पण औषधच अस्तित्वात नव्हते. सत्तर वर्षांनी एका प्रकारच्या ल्युकेमियावर नेमके औषध आले, तेव्हा प्रश्न उलटा झाला होता : औषध होते, ते घेण्याइतका पैसा बहुतेकांकडे नव्हता. ही त्या बदलाची कथा.

२/ दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही वारले. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. यवतमाळ तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. ते मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. पुढे ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या नॅरोगेज रेल्वेने दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूर गाठायचे आणि तेथे मुंबईची मोठी गाडी धरायची, ही यवतमाळकरांची एक वाट होती.

३/ त्या काळी कर्करोगावर दोनच मुख्य उपाय होते : शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. गाठ कापता येते. पण अंगभर वाहणाऱ्या रक्तातला रोग कोठे कापणार? याचे पहिले उत्तर एका वेगळ्याच संशोधनातून निघाले. ल्युसी विल्स ही ब्रिटिश संशोधिका मुंबईत गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होती. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्येच प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे नंतर उमगले.

४/ फोलेटवाचून पेशी वाढत नाहीत. मग कर्करोगाच्या पेशींचे फोलेटच अडवले तर? अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फोलेटविरोधी रसायने तयार केली आणि सिडनी फार्बर यांनी ती ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिली. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटला होता. आधुनिक केमोथेरपीच्या आरंभीच्या पायऱ्यांपैकी ही एक.

५/ मात्र केमोथेरपी म्हणजे सरसकट फवारणी : तणही जळते, पीकही करपते. झपाट्याने वाढणाऱ्या प्रत्येक पेशीवर तिचा मारा होतो, म्हणून केस गळतात, तोंड येते, रक्तपेशी घटतात. हवे होते ते निंदण : पिकाला धक्का न लावता तण तेवढे उपटणे. त्यासाठी आधी तण ओळखता यायला हवे.

६/ ती ओळख १९६० मध्ये पटली. फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी उलगडा केला : ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले गेले होते. त्या सांध्यावर एक जोडजनुक तयार होते. त्यापासून बनणारे प्रथिन पेशीला ‘वाढत राहा’ असा आदेश अखंड देत राहते.

७/ इमॅटिनिब हे औषध या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते. तेथे एरवी ऊर्जेचा रेणू बसतो. जागा अडल्यामुळे आदेश थांबतो. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पूर्वी काही वर्षांत जीव घेणारा हा आजार अनेकांच्या बाबतीत रोज गोळी घेऊन आटोक्यात ठेवता येऊ लागला. तरी ही जादू नव्हे : काही रुग्णांत प्रथिनाचा आकार बदलतो आणि गोळी निष्प्रभ ठरते. म्हणून पुढच्या पिढीची औषधे शोधावी लागली.

८/ नोव्हार्टिस कंपनीच्या या औषधाचा भारतातील महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी सुमारे ८,००० रुपयांत मिळे. याचे मूळ १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. त्या कायद्याने औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट दिले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये औषधांवरही पेटंट द्यावे लागले; पण संसदेने कलम ३(डी) घातले : जुन्याच पदार्थाचे नवे रूप परिणामकारकतेत सरस नसेल, तर पेटंट नाही.

९/ नोव्हार्टिसचा अर्ज इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी होता. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. आपण बहुसंख्य रुग्णांना औषध मोफत देतो, असे कंपनीचे म्हणणे होते. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. निकाल पेटंटपद्धतीविरुद्ध नव्हता. पण स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला.

१०/ पुढची पायरी औषधाची नव्हे, पेशीची. ‘कार-टी’ उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्यांत नवे जनुक घालतात, त्या वाढवतात आणि परत शरीरात सोडतात. मग त्या ‘सीडी १९’ ही खूण असलेल्या पेशी हुडकून मारतात. धोकेही आहेत : प्रतिकारशक्ती भडकून जिवावर बेतू शकते आणि ती खूण असलेल्या निरोगी बी-पेशीही मरतात. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या अशा पहिल्या उपचाराची किंमत होती ४,७५,००० डॉलर.

११/ मुंबईत आयआयटीचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी हेच तंत्र देशात विकसित केले. ‘नेक्सकार १९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. खर्च परदेशाच्या सुमारे दशांश. तरीही तो कित्येक लाखांत जातो. कोरडवाहू कापसाच्या उत्पन्नावर जगणाऱ्या यवतमाळच्या कुटुंबाला दशांशही डोंगराएवढाच.

१२/ या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : प्रयोगशाळेतला शोध एकट्याने रुग्णापर्यंत कधीच पोहोचलेला नाही. कधी न्यास लागला, कधी संसदेचे कलम, कधी रुग्णांच्या संस्थेची कायदेशीर लढाई. वऱ्हाडात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. तीही याच साखळीतली कडी आहे.

१३/ औषध आले, त्याची किंमतही उतरली. उरले आहे ते अंतर. नेमके औषध नेमक्या निदानावाचून आंधळे असते : जोडजनुकाची तपासणी झाली नाही, तर स्वस्त गोळीही निरुपयोगी. यवतमाळहून मुंबई सुमारे सातशे किलोमीटर, नागपूर दीडशे. एखादा दारव्ह्याचा किंवा पांढरकवड्याचा रुग्ण वेळेवर त्या तपासणीपर्यंत पोहोचतो की नाही, यावर या इतिहासाचे पुढचे प्रकरण अवलंबून आहे.