गिरणगावातील ‘प्रातिनिधिक’ युनियन

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांच्या वतीने कोणी बोलायचे, हे मतपेटीने कधीच ठरले नाही. 1938 च्या औद्योगिक कलह कायद्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी 7 नोव्हेंबरला एक दिवसाचा संप केला. पुढे 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. एका भागातल्या एका उद्योगात प्रातिनिधिक युनियन एकच. करार तीच करणार आणि तो सर्वांना लागू. बहुमताची अट नव्हती, ठरावीक टक्के वर्गणीदार सभासद पुरत. निबंधक सभासदांच्या नोंदी तपासून निर्णय देई. गुप्त मतदान नाही. खरी मेख इथेच होती. काँग्रेसच्या छत्राखालच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाने हा दर्जा मिळवला आणि टिकवलाही. बोनसवरून चिडलेले कामगार 1981 अखेर कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर उतरले. पगारवाढीबरोबर हा कायदाच रद्द करा, अशीही मागणी होती. एवढे होऊनही, कायद्याच्या लेखी सामंतांशी बोलणी करण्याचे बंधन मालकांवर नव्हते. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.