नोझल, प्रेशर वॉशरचे

नोझल, प्रेशर वॉशरचे : प्रेशर वॉशरच्या लान्सच्या टोकाला बसवायची बारीक छिद्राची तोटी. पंप पाण्याचा ठरावीक प्रवाह पुढे ढकलतो. नोझलच्या छिद्रात तो अडला की दाब तयार होतो. यंत्रावर लिहिलेला दाब म्हणूनच योग्य छिद्राचे नोझल असेल तरच मिळतो.

छिद्राचा आकार : खरेदी करताना फवाऱ्याचा कोन दाखवणारा रंग पाहिला जातो, आकार बहुधा पाहिला जात नाही, यंत्राचे आयुष्य मात्र आकारावर अवलंबून असते. ४००० पीएसआय (सु. २७६ बार) दाबाला मिनिटाला जितके अमेरिकन गॅलन पाणी जाते, तो नोझलचा अंक. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे ४००० ला यंत्राच्या दाबाने भागून वर्गमूळ काढावे व त्याला मिनिटाच्या प्रवाहाने गुणावे. ३ गॅलन (सु. ११.४ लि.) व ३००० पीएसआयच्या यंत्रासाठी उत्तर ३.४६ येते, तेथे ३.५ चे नोझल बसते. ४.० लावल्यास दाब सु. २२५० पीएसआयपर्यंत उतरतो. ३.० मधून सगळे पाणी जायला ४००० पीएसआय लागतील; त्याआधीच अनलोडर व्हॉल्व्ह काही पाणी परत पंपाकडे वळवतो. हे फार वेळ चालल्यास पंप तापून सील खराब होतात. गढूळ पाण्याने छिद्र झिजून मोठे होते व दाब हळूहळू पडतो. अशा वेळी पंप उघडण्यापूर्वी नोझल बदलून पाहावे.

फवाऱ्याचा कोन : रूढ रंग असे : लाल ०°, पिवळा १५°, हिरवा २५°, पांढरा ४०°, काळा ६५°. सगळेच उत्पादक हे रंग पाळत नाहीत; नोझलवर कोरलेला आकडा पाहणे चांगले. ३० सेंमी. अंतरावरून २५° च्या फवाऱ्याचा पट्टा सु. १३ सेंमी., तर ४०° चा सु. २२ सेंमी. रुंद पडतो, तेवढेच पाणी पसरल्याने मारा सौम्य होतो. मोटारीच्या रंगाला, लाकडाला ४०°. काँक्रीटवरील शेवाळाला २५°. लोखंडी अवजारांवरील वाळलेल्या चिखलाला १५° योग्य. कोकणातील जांभा सच्छिद्र व ठिसूळ असतो. त्याच्या भिंतींवर ४०° सुद्धा लांबूनच वापरावा. ०° ची धार रंग उडवते, लाकूड चिरते. घरगुती कामात तिची गरज क्वचितच पडते.

साबणाचे नोझल : काळ्या नोझलचे छिद्र मोठे असते. दाब उतरल्यावरच इंजेक्टर साबण ओढतो. बारीक छिद्राच्या नोझलने तो ओढला जात नाही.

फिरते नोझल : ०° ची धार शंकूच्या आकारात वेगाने फिरवते. काँक्रीटला उपयुक्त, मोटारीला नाही.

धातू : पितळ लवकर झिजते, स्टेनलेस स्टील, सिरॅमिक अधिक टिकतात.

सुरक्षितता : बारीक धार त्वचा भेदून पाणी आत घुसवते. बाहेरून जखम लहान दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे. शस्त्रक्रिया लागू शकते. नोझल बदलताना यंत्र बंद करून, गनचा ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडावा.