पात्यातली नक्षी

स्वयंपाकाच्या महागड्या सुऱ्यांवर हल्ली पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. ‘दमास्कस पोलाद’ या नावाने त्या विकल्या जातात. रोजच्या चिरण्या-घासण्यात ही नक्षी टिकेल का, असं मला अनेकांनी विचारलं आहे. प्रश्न स्वयंपाकघरातला, पण उत्तराची सुरुवात जुन्या तलवारींपासून करावी लागते.

त्या तलवारींचं पोलाद दक्षिण हिंदुस्थानात आणि श्रीलंकेत तयार होई. तेलंगणातलं कोनसमुद्रम हे त्याचं एक नामांकित ठिकाण. मातीच्या मुशीत लोखंड आणि थोडा लाकूड-पाला घालायचा, तोंड लिंपायचं, भट्टीत तापवायचं आणि सावकाश निवू द्यायचं. त्यातून सुमारे दीड टक्का कार्बन असलेली पोलादाची वडी निघे. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने इराणातल्या नक्षीदार पात्यांसाठी गोवळकोंड्याचंच पोलाद लागतं, असं लिहून ठेवलं आहे. नाव मात्र सीरियातल्या शहराचं झालं. 1795 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत जॉर्ज पिअर्सन यांनी या पोलादावर निबंध वाचला, तो मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी पाठवलेल्या नमुन्यांच्या आधारे.

आता नक्षीचं गुपित पाहू. वडी बेताच्या आचेवर पुन्हा पुन्हा ठोकली की त्यातले कठीण कार्बाइडचे कण रांगा धरतात. व्हर्होवन आणि पेंड्रे या अमेरिकन जोडीने 1998 साली दाखवलं की, खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अंशामुळे या रांगा जमतात. पातं नुसतं चकाकवलं तर ते साधंच दिसतं. त्यावर हिराकसासारख्या क्षाराचं पाणी फिरवलं की भोवतालचं पोलाद काळवंडतं आणि रांगा पांढऱ्या उठून दिसतात. म्हणजे क्षार नक्षी काढत नाही, आत असलेली नक्षी दाखवतो. ती पुसट झाली की शिकलगार पातं घासून पुन्हा क्षार लावी.

एकोणिसाव्या शतकात ही विद्या मागे पडली. आजच्या बहुतेक सुऱ्या वेगळ्या रीतीच्या असतात. 1973 साली अमेरिकेत बिल मोरान यांनी ही रीत पुन्हा लोकांपुढे आणली. दोन जातींच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव करायचे. फेरिक क्लोराइडमध्ये बुडवल्यावर साधा थर काळा पडतो, निकेलयुक्त थर उजळ राहतो. यातला काळेपणा नाजूक. लिंबू, टोमॅटो, तारेची घासणी यांनी तो लवकर उतरतो. मात्र आम्लाने खोदलेला उंचसखलपणा बराच काळ टिकतो आणि तोही झिजला तर नक्षी पुन्हा उठवता येते. साध्या पोलादावर नुसती छापलेली नक्षी घासली की कायमची जाते. थरांची खरी नक्षी बहुधा पात्याच्या पाठीवरही दिसते. खरेदी करताना तिथे बघावं.

नक्षी आणि धार यांची गल्लत मात्र करू नये. अनेक जपानी पद्धतीच्या सुऱ्यांत धार मधल्या कठीण पोलादाची असते आणि नक्षी दोन्ही बाजूंच्या आवरणाची. जुन्या पात्यांनाही हे लागू आहे. स्वित्झर्लंडमध्ये चोके या संशोधकाने 1924 साली ती तपासली, तेव्हा जर्मनीतल्या झोलिंगेनच्या आधुनिक पोलादापुढे ती सरस ठरली नाहीत. सुरी हाताने धुवावी, लगेच पुसावी, तेलाचा हात फिरवावा. एवढं पुरे.

सुरी पुन्हा मिळेल, पण तलवार मिळणार नाही. खंडेनवमीला घरातलं जुनं हत्यार उजळताना आपण पॉलिश पेपर हाती घेतो. जुन्या घराण्यांतली काही पाती या मुशीतल्या पोलादाची असू शकतात. दर वर्षी घासून ती झिजतात, आणि झिजलेलं पोलाद कोणत्याही क्षाराने परत येत नाही. म्हणून अशा पात्याला फक्त मऊ फडकं आणि थोडं तेल लावावं. आतली नक्षी उठवण्याचं काम जाणकारावर सोडावं.