पेन्शनरांची बखर

निरोप समारंभात माणसाबद्दल जेवढे चांगले बोलतात, तेवढे एरवी फक्त शोकसभेतच बोलतात. फरक इतकाच, की इथे उत्सवमूर्तीला ते खुर्चीत बसून ऐकावे लागते आणि वर आभाराचे चार शब्दही बोलावे लागतात. माझ्या समारंभात साहेबांनी मला 'कचेरीचा आधारस्तंभ' म्हटले. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. वेळेशी संबंध संपला, की माणसाला घड्याळ देतात!

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झालो. आणि मग लक्षात आले, की जायचे कुठेच नाही. तेव्हापासून हा आधारस्तंभ घरात मध्येच उभा राहू लागला. हातांना काम हवे म्हणून मी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. मोहरी मिठाच्या शेजारी गेली आणि ती शोधता शोधता हिचे कढईतले तेल जळाले.

"अहो, तुम्ही रिटायर झालात," ही म्हणाली, "मी नाही झाले अजून. मला हे बदली होऊन आलेले साहेब नकोत."

बोलली हसत, पण ते हसणे काही खरे नव्हते. मी गुपचूप चपला घातल्या आणि पाय सवयीने कचेरीकडे वळले. माझ्या टेबलावर एक नवा पोरगा बसला होता. मान वर न करताच त्याने विचारले, "काय काम आहे, आजोबा?"

काय काम आहे? प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तसाच वाचनालयात गेलो.

आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस दुःखाचीसुद्धा आधी मूळ फाईल मागतो. माणसाला एका ठरावीक वयाला घरी बसवायची कल्पना मुळात कोणाची? शोध घेता घेता जर्मनीच्या बिस्मार्कपर्यंत जाऊन पोचलो. त्याच्या राजवटीत १८८९ साली म्हातारपणाच्या पेन्शनीचा कायदा झाला. पुष्कळांना वाटते, की त्याने पासष्ट हे वय ठरवले. तसे नाही. कायद्यात वय सत्तर होते; ते पासष्टवर आले १९१६ साली, बिस्मार्क वारल्यावर अठरा वर्षांनी. खुद्द बिस्मार्क कायदा झाला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा असून खुर्चीवर ठाण मांडून होता. पुढच्याच वर्षी तरुण कैसरने त्याला घरी बसवले. मग त्याने आठवणी सांगून लिहवून घेतल्या. म्हणजे पेन्शनरांनी आठवणी सांगत बसायची प्रथाही चांगली जुनी आहे!

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांना पंचावन्नाव्या वर्षी नारळ मिळे. १९६२ साली ते वय अठ्ठावन्न झाले, १९९८ साली साठ. एका सहीने माणूस दोन-तीन वर्षांनी तरुण होतो, ही किमया च्यवनप्राशालाही जमलेली नाही.

पण मला खरा गुरू भेटला तो घरचाच. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी १८८९ पासून नोकरी. राजपुत्रांना शिकवता शिकवता इतिहासाचा नाद लागला आणि त्यातून रियासती झाल्या. १९२५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, ते निवृत्त झाले आणि पुण्याजवळ कामशेतला येऊन राहिले. इथे कोणाचीही बखर संपली असती. ह्यांची सुरू झाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले होते. त्यांतले निवडक कागद छापायचे काम सरदेसायांकडे आले आणि १९३० पासून चार-पाच वर्षांत त्यांनी पंचेचाळीस खंड काढले! सोबतीला सल्ला द्यायला जदुनाथ सरकार, तेही पेन्शनरच. पुढे मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास १९४६ ते १९४८ मध्ये आला, तेव्हा सरदेसायांनी ऐंशी ओलांडली होती. १९५९ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. म्हणजे निवृत्तीनंतर चौतीस वर्षे! माझी सगळी नोकरीसुद्धा तेवढी झाली नव्हती.

आता सरदेसाई कुठे आणि मोहरीचा डबा हलवणारा मी कुठे! पण आमच्याही माळ्यावर एक रुमाल होता. लाल फडक्यात बांधलेले पणजोबांचे मोडी कागद. त्यात पेशव्यांची सनद आहे, असे वडील सांगत. वाचायची मात्र कोणाला येत नव्हती. मी मोडीच्या वर्गात नाव घातले.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे वाळत घालतात. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाची पंचाईत नाही. वर्गात शेजारी नातीच्या वयाची पोरे. पहिल्या चाचणीत मला वीसपैकी सहा. कागद लपवून घरी आणला. हिने तो शोधून काढलाच.

"दाखवा बघू," म्हणाली आणि चष्मा लावून बसली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि माझी अर्धवट वाक्ये चाळीस वर्षे वाचलेली बाई. महिनाभरात ती माझ्या पुढे गेली. दुपारी दोघे जेवणाच्या टेबलावर अक्षरे लावू लागलो. डबे केव्हाच जागच्या जागी गेले होते.

पावसाळ्यात आम्ही रुमाल सोडला. सनद नव्हती. पणजोबांनी मुलीच्या लग्नासाठी पंचवीस रुपये कर्ज काढल्याचे खत होते. सरदारकी एका दुपारी बुडाली. मी हिरमुसलो. हिने कागद उलटा केला. पाठीमागे सावकाराच्या हातची एक ओळ होती. बोट फिरवत तिने एकेक अक्षर सोडवले आणि मोठ्याने वाचले,

"भरून पावलो."

"म्हणजे फेडले हो सगळे," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. हे हसणे खरे होते.

आता कोणी विचारले, "काय काम आहे, आजोबा?" तर सांगायला उत्तर आहे. रुमालात अजून एकतीस कागद शिल्लक आहेत.